गोळी चालू, रिपोर्ट नॉर्मल; मग थकवा का जात नाही?

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रियांची एक तक्रार दवाखान्यात वारंवार ऐकू येते. 'आठ वर्षं झाली, रोज सकाळी न चुकता गोळी घेते. रिपोर्टही नॉर्मल येतो. पण सकाळी अंथरुणातून उठवत नाही. केस गळायचे थांबत नाहीत, वजन तसूभरही हलत नाही आणि गॅसवर दूध ठेवलंय हेसुद्धा लक्षात राहत नाही.' डॉक्टर रिपोर्टवरून नजर फिरवतात आणि सांगतात, 'थायरॉइड अगदी व्यवस्थित आहे.' घरी आल्यावर नवरा म्हणतो, 'बघ, डॉक्टरसुद्धा म्हणतात काही झालेलं नाही.' सासूबाई पुस्ती जोडतात, 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!' मग ती बिचारी स्वतःलाच विचारू लागते, आपण आळशी तर झालो नाही ना? हे सगळे मनाचे खेळ तर नाहीत ना?

मनाचे खेळ म्हणून ही तक्रार झटकून टाकता येत नाही. युरोपातील थायरॉइडतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हे स्पष्ट नमूद केले आहे, की गोळी घेऊन रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आलेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांना त्रास जाणवतच राहतो. आपल्याकडे हा आकडा लहान समजून चालणार नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद आणि गोवा अशा आठ ठिकाणी पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉइड ग्रंथी मंद असल्याचे दिसले आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त होते. म्हणजे आपल्या इमारतीत, ऑफिसात, भिशीच्या मंडळात अशी एखादी तरी बाई असणारच.

तेव्हा प्रश्न असा, की हा थकवा येतो कुठून? आणि त्यावर काय करता येते?

ग्रंथी छोटी, कारभार मोठा

गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. हीच थायरॉइड किंवा अवटुग्रंथी. शरीराची चूल किती मोठ्या आचेवर पेटवायची, हे ती ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, पाळी, त्वचा, केस, मनाची उभारी, सगळ्यांवर तिचा अंमल चालतो. तिची आच मंदावली, की थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आवाज जाड होतो, पाळीत रक्तस्राव वाढतो आणि सदान्कदा झोप येते.

ग्रंथी मंद होण्याचे आज सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने चुकून तिच्यावरच केलेला हल्ला. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हा विकार मिठातल्या आयोडिनने बरा होत नाही, हे ध्यानात ठेवावे. आयोडिनयुक्त मीठ खावेच, पण ते गोळीची जागा घेऊ शकत नाही.

ही ग्रंथी मुख्यतः टी-४ नावाचे संप्रेरक तयार करते. प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक म्हणजे टी-३. त्यातले बरेचसे यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांमध्ये टी-४ पासून बनते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी या सगळ्यावर देखरेख ठेवते. टी-४ कमी पडले, की ती टीएसएच नावाचा हुकूम जोरात सोडते. म्हणून टीएसएच वाढलेले असले, तर ग्रंथी मंद आहे, असे समजायचे.

या रोगावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. त्याआधी या आजाराने माणूस झिजत झिजत संपत असे. आजची छोटीशी गोळी म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले टी-४ च असते. गोळी चांगलीच आहे. पण ती लहरीही आहे.

गोळी पोटात गेली, रक्तात गेली का?

थकवा जात नसेल, तर पहिला विचार गोळी घेण्याच्या पद्धतीचा करावा. ही गोळी मिलिग्रॅममध्ये नव्हे, तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. इतक्या सूक्ष्म औषधाला आतड्यात जराशी अडवणूक झाली, तरी मात्रा कमी पडते.

नियम सोपा आहे. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. यातले 'काही' म्हणजे चहासुद्धा! आपल्याकडे गोचे नेमके इथेच होतात. डबे, शाळेची रिक्षा, पाण्याची वेळ या धांदलीत गोळी तोंडात टाकली जाते आणि पाठोपाठ दुधाचा चहा घेतला जातो. कॉफीनेही गोळीचे शोषण घटते, हे इटलीतील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले आहे. दुधातले कॅल्शियम हाही एक अडथळाच.

त्याहून मोठी अडचण दुसऱ्या गोळ्यांची. चाळिशीनंतर बहुतेक घरांत लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या येतात. 'सगळ्या एकदमच घेऊन टाकते, विसरायला नको,' असे म्हणत चार गोळ्या एका घोटाबरोबर घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच पकडून ठेवतात. दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. थायरॉइडची गोळी सकाळी आणि लोह-कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर, हा सोयीचा मार्ग. अॅसिडिटीवरची औषधे महिनोन् महिने घेणाऱ्यांनाही टी-४ ची मात्रा कमी पडू शकते. पोटात पुरेसे आम्ल नसले, की गोळी नीट विरघळत नाही.

सकाळ जमतच नसेल, तर काय? काही बिघडत नाही. रात्रीचे जेवण लवकर उरकून तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्रीची गोळी सकाळच्या गोळीपेक्षा रक्तात चांगली उतरल्याचे दिसले. मात्र वेळ एकदा ठरवली, की तीच पाळावी. आणि बदल करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

गोळीची बाटली कुठे ठेवता, तेही पाहा. उष्णता, ओल आणि उजेड यांनी हे औषध खराब होते. स्वयंपाकघरात गॅसच्या वरची फळी किंवा बाथरूममधले कपाट ही तिची जागा नव्हे. उन्हाळ्यात नागपूर, जळगाव किंवा इंदूरसारख्या गावी तर याची विशेष काळजी घ्यावी.

'नॉर्मल' म्हणजे नेमके काय?

दुसरा विचार रिपोर्टचा. बहुतेक प्रयोगशाळा टीएसएचची नॉर्मल मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी देतात. ही मर्यादा सगळ्यांसाठी सारखी नसते. वय वाढते तसे टीएसएच थोडे वर सरकणे स्वाभाविक असते. उलट, गर्भवतीला ते खाली असावे लागते. तेव्हा केवळ 'नॉर्मल' या शब्दावर न थांबता आकडा विचारावा आणि सगळे जुने रिपोर्ट तारीखवार एका फायलीत लावून ठेवावेत. मागच्या वर्षी १.५ असलेले टीएसएच या वर्षी ३.९ झाले, तर दोन्ही रिपोर्ट नॉर्मलच म्हणवतील. पण दोन्ही शेजारी ठेवले, तर डॉक्टरांना विचार करण्यासारखे काहीतरी दिसेल.

तपासणीची वेळही महत्त्वाची. टी-४ शरीरात सावकाश साठते आणि सावकाश ओसरते. मात्रा निम्मी व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी करावी. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून काहीच कळत नाही. रक्त सकाळी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी द्यावे. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत जावे. औषधाच्या दुकानातून गोळीची कंपनी बदलून मिळाली, तरीही सहा आठवड्यांनी टीएसएच पाहून घ्यावे.

आणखी एक फसवे कारण अलीकडे पुढे आले आहे. केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. हे जीवनसत्त्व तसे निरुपद्रवी, पण ते अनेक प्रयोगशाळांच्या तपासण्यांत गोंधळ घालते आणि थायरॉइडचे खोटे आकडे दाखवते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावे.

आणि क्वचित असेही असते, की दोष थायरॉइडचा नसून वरच्या देखरेख करणाऱ्या पियुषिकेचाच असतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला असेल, तर पियुषिकेला इजा होऊ शकते. अशा बाईला नंतर अंगावर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही आणि थकवा वाढत जातो. तिचे टीएसएच नॉर्मल दिसते, पण टी-४ तळाला गेलेले असते. म्हणून असा इतिहास असेल, तर डॉक्टरांना तो आपणहून सांगावा. इथे नुसती टीएसएचची तपासणी पुरेशी नसते. शिवाय शरीरातले नैसर्गिक स्टिरॉइड पुरेसे आहे ना, हे पाहिल्याशिवाय थायरॉइडची गोळी देणे धोक्याचे ठरू शकते.

दोष थायरॉइडचा नसेल तर?

गोळी नीट घेतली, आकडेही मनासारखे आले, तरी अंग उचलत नाही. मग दुसरीकडे पाहायला हवे. थायरॉइडचा शिक्का एकदा बसला, की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच खात्यावर जमा होते. 'तुला थायरॉइड आहे ना, मग होणारच!' असे घरचे म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. त्यात दुसरा आजार लपून राहतो.

पहिला संशयित म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. थकवा, धाप, केस गळणे ही त्याचीही लक्षणे. दुसरा संशयित ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ती शाकाहारी घरांत सर्रास आढळते आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही दिसते. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, जिभेची आग यांवरून तिची शंका यावी. ड जीवनसत्त्वाचीही एकदा चौकशी करावी.

हाशिमोतोचा विकार कधी कधी आपल्या भावंडांना बरोबर घेऊन येतो. गव्हातला ग्लुटेन न सोसणारा सिलियाक हा आजार त्यांपैकी एक. त्यात आतड्याचे अस्तर खराब होते. मग थायरॉइडची गोळीही शोषली जात नाही आणि लोहही. डोस सतत वाढवावा लागतो, तरी टीएसएच खाली येत नाही, अशी गत झाली, तर या आजाराचा विचार व्हायला हवा. उत्तर भारतात तो अधिक आढळतो. मात्र तपासणी होण्याआधीच पोळी बंद करू नये, कारण मग तपासणीत तो पकडला जात नाही.

रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडखळून जाग येणे आणि दिवसा पेंग येणे, हा झोपेचा विकार. पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास घामाच्या लाटा आणि तुटक झोप, हा पाळी जाण्याचा काळ. कशातच मन न लागणे, उगाच रडू येणे, जगणे नकोसे वाटणे, हे नैराश्य. या तिन्हींवर उपाय आहेत. नैराश्यावर औषध घेण्यात कसलीही लाज नाही. थायरॉइडची गोळी घेताना नाही वाटत, तर ही घेताना का वाटावी?

वजनाबद्दलही खरे ते सांगायला हवे. ग्रंथी मंदावल्यामुळे वाढणारे वजन साधारण दोन ते साडेचार किलो असते आणि त्यात बराचसा भाग शरीरात साठलेल्या क्षार-पाण्याचा असतो. पंधरा-वीस किलो वाढले असतील, तर तो सगळा दोष थायरॉइडवर टाकता येणार नाही. गोळी ही वजन कमी करण्याची गोळी नव्हे.

शेवटी एक साधा प्रश्न. जी बाई पहाटे साडेपाचला उठते, डबे करते, नोकरीवर जाते, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, आजारी सासऱ्यांचे पथ्यपाणी बघते आणि रात्री अकराला ओटा पुसून झोपते, तिने थकू नये तर काय करावे? हा थकवा कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. घरातल्या इतरांनी हात लावला, तरच तो उतरतो.

टी-३ ची गोळी हे उत्तर आहे का?

काही जणींच्या कानावर टी-३ ची गोळी आलेली असते. तर्क वरवर पटण्याजोगा आहे. शरीरात टी-४ चे टी-३ पुरेसे होत नसेल, तर तयार टी-३ च का देऊ नये? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३ रुग्णांना टी-४ बरोबर थोडे टी-३ दिले, तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे अनेक चाचण्या झाल्या. अशा ११ चाचण्यांमधील १२१६ रुग्णांचा एकत्रित आढावा २००६ साली घेण्यात आला, तेव्हा दोन औषधे घेणारे आणि एकच घेणारे यांच्यात फरक आढळला नाही.

तरीही हा विषय संपलेला नाही. काही थोड्या रुग्णांना याचा लाभ होत असावा, असे मानणारे तज्ज्ञ आहेत. युरोपातील संघटनेच्या तत्त्वांनुसार बाकी सगळी कारणे तपासून झाल्यावर, अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, प्रयोग म्हणून काही महिने ही जोडगोळी देऊन पाहता येते. फायदा न झाल्यास ती बंद करायची. टी-३ रक्तात भराभर चढते आणि भराभर उतरते. छातीत धडधड होऊ शकते. गर्भवतीने आणि हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

स्वतःच डोस वाढवू नका

'पन्नासऐवजी पंच्याहत्तर घेऊन बघते, जरा तरतरी येईल,' हा मोह अनेकींना होतो. सुरुवातीला तरतरी येतेही. पण जादा संप्रेरकाने हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाची लय बिघडते. पाळी गेलेल्या स्त्रियांना हा धोका विशेष. उलट, 'इतकी वर्षं घेऊन फरक पडत नाही' म्हणून गोळी बंद करणे हाही अविचारच. संप्रेरक सावकाश ओसरत असल्याने पहिले आठवडे काही जाणवत नाही आणि मग आजार बळावतो.

दिवस राहिले, की मात्र थांबायचे नाही. गर्भारपणात या संप्रेरकाची गरज साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाढते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच टी-४ वर अवलंबून असते. म्हणून चाचणी होकारार्थी आली, की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची काही औषधे सुरू झाली, तरीही मात्रा वाढवावी लागू शकते.

काहींच्या बाबतीत उलटही घडते. टीएसएच जरासे वाढले म्हणून गोळी सुरू झालेली असते आणि थकव्याचे कारण मुळात थायरॉइड नसतेच. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सौम्य वाढीवर गोळी देऊन थकव्यात फरक पडला नाही. तेव्हा गोळी का सुरू झाली होती, हा प्रश्न वर्षांनंतरही विचारायला हरकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

नुसते 'बरं वाटत नाही' म्हटल्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही. पुढील तयारी करून जावे :

* गोळी किती वाजता, कशाबरोबर घेता आणि आठवड्यात किती वेळा राहून जाते, हे प्रामाणिकपणे लिहून न्या.
* घरातली सगळी औषधे, टॉनिके, आयुर्वेदिक चूर्णे, केसांच्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या.
* जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा.
* सर्वांत जास्त छळणारी तीनच लक्षणे निवडा. ती कधी सुरू झाली आणि त्यामुळे कोणते काम अडते, ते सांगा.
* विचारा, 'थायरॉइड ठीक असेल, तर मग हा थकवा कशाने? हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब-१२, साखर बघायची का?'

हा शेवटचा प्रश्न विचारायला अनेक जणी कचरतात. डॉक्टरांना राग येईल, असे वाटते. चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. आणि यजमान बरोबर येणार असतील, तर त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. रिपोर्टातल्या आकड्याखेरीजही आजार असू शकतो, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी एकदा ऐकलेले बरे.